पुरानंतरचा वाडा : सांगलीच्या गावभागातलं एक प्रकरण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातून उतरलं, त्यानंतर पाचव्या दिवशी मी त्या वाड्यात गेलो आणि ‘हा पाडावा लागेल’ असं सांगून आलो. दोन दिवसांनी तसं लेखीही दिलं. वाडा आज उभा आहे. सोप्यात, म्हणजे चौकाकडेच्या उघड्या ओसरीत, झोपाळा आहे, माजघरात स्वयंपाक होतो, परसातल्या आडावर रहाट आहे. माझ्या त्या सल्ल्यात चूक कुठे होती आणि वाड्याला खरा धोका कशाचा होता, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. पुरानंतर सांगलीपासून हरिपूरपर्यंतची बरीच जुनी घरं अशाच एका वाक्यावर पडली, आणि ते वाक्य माझ्यासारख्याच एखाद्या अभियंत्यानं चिखलात उभं राहून घाईनं उच्चारलेलं होतं.

घर

१८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली संस्थानाची राजधानी झाली. त्यानंतर नदीच्या बाजूला जी वस्ती दाटत गेली, तिच्यातलं हे एक घर. सरदाराचं नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तोही याच कृष्णेच्या काठी. घाटाच्या माथ्यावर, सहा चौकांचा, भिंतींवर चित्रं असलेला. तो बघायला लोक लांबून येतात. आमच्या प्रकरणातला वाडा एका चौकाचा. हळद-गुळाच्या अडतीवर चाललेल्या घराण्याचा, गल्लीतून जाताना दिंडी दरवाजा सोडला तर नजरेत न भरणारा. पण सांगलीच्या मातीत, सांगलीच्या पावसात आणि सांगलीच्या पुरात घर कसं बांधायचं, हे त्या सहा चौकांपेक्षा या एका चौकातून जास्त कळतं असं माझं मत झालं आहे.

आत शिरलं की देवडी. देवडीतून दोन पायऱ्या उतरून चौक, चौकाच्या मध्ये तुळशी वृंदावन. चौकाभोवती दोन फूट उंचीचं घडीव काळ्या दगडाचं जोतं, म्हणजे घराचा चौथरा, आणि त्यावर पुढचा सोपा. सोप्याचे खांब सुरूच्या घाटाचे, वर निमुळते होत गेलेले, माथ्यावरच्या लाकडी हस्तांना केळफुलाची नक्षी. सोप्यामागे माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला अंधारी बाळंतिणीची खोली, मागे कोठी. कोठीच्या भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी. त्यामागे परसू, आड आणि गोठ्याची जागा.

वाडा एका वेळी बांधलेला नाही, हे छपरावरून कळतं. सांगली जिल्ह्यात घराचं छप्पर पाऊस ठरवतो. पश्चिमेला शिराळ्याकडे पाऊस धो धो, तिथे उताराचं कौलारू छप्पर. पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ या दुष्काळी भागात सपाट माळवद : कड्या म्हणजे आडवी लाकडं, त्यावर किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि पांढऱ्या मातीचा थर. सांगली शहर या दोन्हींच्या मध्ये पडतं, आणि या वाड्यात तेव्हा दोन्ही होती. मागची कोठी आणि माजघर माळवदाचं, पुढची माडी कौलारू. माडीवरची कौलं मंगलोरी. मंगळूरला बाझल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, त्यामुळे पुढचं छप्पर त्याच्या बऱ्याच नंतरचं हे उघड आहे. खालचं लाकूडकाम मात्र त्याहून जुन्या वळणाचं दिसतं.

भिंती जोत्यापासून साधारण साडेतीन फुटांपर्यंत दगडाच्या, पण दगड फक्त दोन्ही तोंडांना. मधला गाभा मातीचा आणि कपच्यांचा. त्यावर पांढरीच्या मातीचे भेंडे, म्हणजे कच्च्या विटा. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, चुना मिसळून ती पांढुरकी झालेली असते. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. पांढरी तसं करत नाही. म्हणून शेत काळीत आणि घर पांढरीत.

घरच्यांना वाडा किती मोठा विचारलं तर ते फूट सांगत नाहीत. ‘पुढचा सोपा सात खणी, दुघई. माजघर पाच खणी.’ खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. इथे ते पाच फुटांच्या आसपास आहे. दुघई म्हणजे खांबांच्या ओळीमुळे दोन घया, म्हणजे दोन लांबट पट्टे, पडलेला सोपा. मी सांगलीत वाढलो, ‘पाच खणाचं घर’ हे शब्द लहानपणापासून ऐकतो आहे. त्या शब्दाचा अर्थ मात्र मला या कामात कळला.

पाणी

सांगलीत पूर आयर्विन पुलाच्या फुटांवर मोजतात. पूल १९२९ चा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळ्यात एकमेकांना फोन केला की पहिला प्रश्न ‘किती झालं?’ आणि उत्तर फुटांत. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. त्या वेळी या वाड्यात चौक भरला, पण पाणी जोत्याच्या दगडावरच थांबलं, सोप्यात चढलं नाही. घरातल्या आजी तेव्हाही इथेच होत्या. त्यांनी सोप्याच्या कडेवर उभं राहून कृष्णामाईची ओटी भरली. पूर दारात आला की खण-नारळानं नदीची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत.

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चौकात पाच फूट, म्हणजे जोत्यावर तीन फूट. घरचे लोक आधीच विश्रामबागेकडच्या नातलगांकडे गेले होते. आठवड्याहून जास्त दिवस वाडा पाण्यात होता.

मी गेलो तेव्हा जोत्यापासून कमरेइतक्या उंचीवर सगळीकडे एक सरळ तपकिरी रेघ होती. माजघराच्या भिंतीला पोट आलं होतं, हात फिरवला तर कळण्याइतकं. सोप्यातल्या दोन खांबांच्या बुडाशी पेचकस सहज आत गेला. फरशी दोन ठिकाणी उचलली होती. घराला धोकादायक इमारतीची नोटीस लागली होती. मी शिकलो तो काळ किल्लारीच्या भूकंपानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३ नंतर दगड-मातीची भिंत म्हणजे माणसं मारणारी भिंत, हे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं आहे, आणि ते खोटं नाही. ओली, पोट सुटलेली, मातीच्या गाभ्याची भिंत आणि वर माळवदाचं वजन. मी ‘पाडा’ म्हटलं.

माझा कागद घरी पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मागची, परसाकडची भिंत पडली. घरात कुणी नव्हतं. घरातल्या थोरल्या भावांनी, दादांनी, फोन केला, ‘सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं.’ मी गेलो. सोबत एक गवंडी होते, जत भागातले, साठीच्या पुढचे, माळवदाची कामं केलेले. भिंतीचा ढीग परसात पसरला होता. मी ढिगाकडे बघत होतो, ते वर बघत होते.

‘साहेब, भित पडली. पन वर बघा की. माळवद हाललंय का कुटं?’

माळवद जागच्या जागी होतं. भिंतीच्या पोटात लपलेले तीन लाकडी खांब आता उघडे पडले होते, त्यांच्यावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कड्या, कड्यांवर सगळी माती. भिंत गेली आणि छपराला चीरसुद्धा गेली नाही. म्हणजे वजन भिंतीवर नव्हतंच. ते खांबांवर होतं. भिंत होती ती ऊन, वारा, चोर आणि शेजारी अडवायला.

खण म्हणजे हेच. ज्यांनी घर मोजायला खांबांमधलं अंतर हे माप घेतलं, त्यांच्या लेखी घर म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा होता. भिंतीच्या लांबीत त्यांनी घर कधी मोजलं नाही. मी भिंत तपासून घराचा निकाल दिला होता.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या या घरात नव्या सूनबाई होत्या. ‘देवघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली होती. मामंजींनी ती मातीनं लिंपून घेतली. सोपा होता तसा होता.’

याचा अर्थ मातीच्या भिंती निर्धोक असतात असा कुणी काढू नये. दोन्ही तोंडांना बांधून धरणारे आरपार दगड नसतील तर भिंत मधून फाटते आणि आतल्या बाजूला पडली तर जीव घेते. किल्लारीला तेच झालं. पण ‘भिंत खराब आहे’ आणि ‘घर खराब आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

खराब काय होतं

मग खांब का कुजले? पूर तर आठवडाभराचा. जुनं सागवान आठवड्याच्या पाण्यानं कुजत नाही. या प्रश्नावर आम्ही तीन आठवडे घालवले, आणि माझ्या मते या प्रकरणात जपून ठेवण्यासारखं जे आहे ते इथेच आहे.

सोप्यातली एक फरशी काढली. खाली सिमेंटचा थर, त्याखाली मुरूम, आणि त्या मुरमात बुडालेला एक सुंदर घडवलेला काळा दगड. तो तळखडा. वाड्याचा कोणताही लाकडी खांब जमिनीत रोवलेला नसतो, तळखड्यावर उभा केलेला असतो. जमिनीतली ओल वर चढते ती दगडाशी थांबते, लाकडाचं बूड कोरडं राहतं. १९८४ साली घरात लग्न निघालं. सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी घालायची ठरली. फरशीसाठी सोप्याची जमीन चार-पाच इंच वर उचलली. तळखडे गाडले गेले आणि खांबांची बुडं सिमेंटमध्ये बसली. त्या दिवसापासून प्रत्येक पावसाळ्यात ओल दगडाला वळसा घालून लाकडात जात राहिली. वाळवीलाही आडोसा मिळाला. पस्तीस वर्षं हे फरशीखाली चाललं होतं. २०१९ च्या पाण्यानं ते फक्त उघडं केलं.

दुसरी गोष्ट भिंतीची. त्याच वेळी माजघराला आतून-बाहेरून पाच फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता, कारण भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, लागत होता आणि रंग टिकत नव्हता. मातीची भिंत ओल घेते आणि टाकते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असेल तर ती ओल वाऱ्यानं निघून जाते. सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, मग ती भिंतीतच वर चढते. पुराचं पाणी गाभ्यात शिरलं ते खालून आणि भेगांतून, निघायला मात्र वाट राहिली नाही. पोट आलेली भिंत नेमकी सिमेंट लावलेली होती. देवघराची भिंत तेवढ्याच पाण्यात तेवढेच दिवस उभी होती. तिला कधी सिमेंट लागलं नव्हतं, कारण आजींनी लावू दिलं नव्हतं. तिची लिंपण गळली, भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, राहिली.

परसाकडची भिंत पाणी असताना पडली नाही, उतरल्यावर पडली, हेही बघण्यासारखं आहे. पाणी दोन्ही बाजूंना असतं तोवर दोन्हीकडून सारखा दाब असतो. ते उतरलं की भिजून जड झालेली भिंत एकटी उभी असते, आणि एका अंगाला कडक ऊन लागलं तर ती एका बाजूनं आकसते. पूर ओसरल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस म्हणूनच जास्त वाईट.

तिसरी गोष्ट घराबाहेरची. चौकाच्या कोपऱ्यात एक मोरी आहे, तिचं तोंड गल्लीत निघतं. निघत असे, म्हणायला हवं. गल्लीचा रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या नव्या थरानं वर चढत गेला, जुना थर कुणी खरवडला नाही. आज रस्ता मोरीच्या तोंडाच्या वर आहे. पूर यायच्याही आधी, नुसत्या मोठ्या पावसात, चौकातलं पाणी बाहेर जायच्याऐवजी गटारातलं आत येत होतं. जुन्या गावभागात असे बुडालेले उंबरे मी आता मोजतच नाही.

घरातलं ठरणं

पूर ओसरल्यावर वाड्यात पहिला बाहेरचा माणूस आला तो जुन्या लाकडाचा व्यापारी. त्यानं सोप्याचे खांब, हस्त आणि दिंडी दरवाजा यांचा उक्ता भाव सांगितला. आकडा मोह पडावा असा होता. त्याच आठवड्यात एक बांधकाम व्यावसायिक आला.

मिळकत पत्रिकेवर नऊ नावं होती. दोन भाऊ इथे, एक पुण्यात, चुलत घर कोल्हापूरला, आणि तीन आत्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, तरी आमच्याकडे हक्कसोड पत्रावर सही घ्यायला बहिणीकडे जातात, मत विचारायला नाही. इथे दसऱ्यानंतरच्या बैठकीला तिघी आत्यांना बोलावलं ही धाकट्या अण्णांची गोष्ट मला फार मोठी वाटते.

मी तिथे माझा आधीचा कागद मागे घेतला. का, ते सांगितलं. अवघड होतं, कारण पुण्याच्या भावांनी सरळ विचारलं, ‘पंधरा दिवसांत मत बदलतं, तर आज ठेवा म्हणताय ते उद्या बदलणार नाही कशावरून?’ मी त्यांना परसात नेलं आणि भिंतीशिवाय उभं असलेलं माळवद दाखवलं. आणखी एक व्यवहाराची बाजूही मांडली. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठी आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत नव्या बांधकामावर बंधनं आहेत. पाडणं आपल्या हातात आहे, पुन्हा तेवढंच उभं करणं आपल्या हातात असेलच असं नाही. त्यांना हे पटलं. इचलकरंजीच्या आत्यांनी मात्र वेगळंच विचारलं : ‘पुढच्या पुरात काय होईल?’ सगळ्या बैठकीतला हाच प्रश्न खरा होता. मी म्हटलं, पाणी येईल. घर असं करू की पाणी येऊन जाईल.

दुरुस्तीचा अंदाज पाडून नवं बांधण्याच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त निघाला. चुन्याच्या कामात माल स्वस्त आणि मजुरी जास्त, हे आधीच सांगून ठेवलं. कोल्हापूरकरांनी पैसे घातले नाहीत, पण संमती दिली.

काम

पहिलं काम म्हणजे काही न करणं. पुराच्या रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंतचा सगळा सिमेंट गिलावा खरवडून काढला, फरशी उचलली, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि थांबलो. जाड भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब धरतात. आमच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या. त्या दोन्ही अंगांनी वाळतात हे धरलं तरी वर्षभराचं काम. दादांना हे थांबणं फार जड गेलं. लोक विचारत, काम बंद पडलं काय? मोठे दिवे, पंखे लावून वाळवा असाही सल्ला आला. तसं केलं तर तोंड आकसतं आणि गाभा ओला राहतो. गवंडीमामा भिंतीवर तळवा ठेवून सांगत, ‘वरनं वाळलीया. आतनं वली हाय अजून.’ मग २०२० चा मार्च आला, टाळेबंदी लागली, आणि वाळायला हवा होता तो वेळ आपोआप मिळाला. खांबांना मात्र आधीच टेकू दिले होते.

काम सुरू झालं नोव्हेंबर २०२० मध्ये. सोप्यातल्या आणि माजघरातल्या चौदा खांबांपैकी सहांची बुडं गेली होती. सुताराचं म्हणणं होतं, खराब तेवढं कापून नवा तुकडा खाच आणि तीत बसणारं कुसू करून सांधू. ते बरोबरच आहे, सगळीकडे असंच करतात. पण नवा लाकडी तुकडा पुढच्या पुरात पुन्हा पाण्यातच उभा राहणार. म्हणून चार खांबांना आम्ही लाकूड खाली वाढवलं नाही, दगड वर वाढवला. जुन्या तळखड्यावर फूटभर उंचीचा नवा काळा दगड, पाथरवटाकडून खालच्या कुंभाच्या आकारात घडवून. बाकीच्या दोन खांबांची कूज फूटभराच्या वर गेली होती. तिथे दगड एवढा उंच करणं डोळ्यांना रुचेना, सोप्याचा घाट बिघडत होता. त्यांना जुन्या सागवानाचा सांधा दिला. खांब उचलताना जॅक एका वेळी सूतभर (इंचाचा आठवा भाग), दोन सूत एवढाच वर घ्यायचा, मग एक रात्र थांबायचं. तुळई कुरकुरली की सुतारमामा हात वर करायचे आणि सगळे जागच्या जागी उभे राहायचे.

सोप्याची जमीन मूळ पातळीला खाली आणली. तळखडे पुन्हा दिसू लागले तेव्हा आजी काठी टेकत आल्या आणि खाली बसून त्यांनी एका दगडावरचा चिखल पदरानं पुसला. छत्तीस वर्षांनी बघत होत्या.

चुना : चुनकळी (भाजलेला कोरडा चुना) आणून हौदात विरी घातली, म्हणजे पाण्यात विरवली, दीड महिना पाण्याखाली ठेवली. वाळू आणि भाजक्या विटांची सुरखी मिसळून दळली. बैलाची घाणी आता कुठली, लहान यांत्रिक घाणी लावली. पाण्यात हिरडा भिजवलेला आणि गूळ. सुरखीचं महत्त्व इथे जास्त, कारण तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. माजघराच्या पोट आलेल्या भिंतीचा पाच फुटांचा पट्टा उतरवून त्याच दगडात पुन्हा रचला, दर दोन-अडीच फुटांवर आरपार दगड घालून. जुन्या बांधणीत ते फार कमी होते. जुन्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही.

आणि एक हरलोही. मागच्या माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकत गेल्यानं थर दीड फुटावर गेला होता. कड्या वाकल्या होत्या. माझा आग्रह होता की सगळी माती काढून सहा इंचांचा नवा थर करू. घरच्यांनी विचारलं, दरवर्षी हे करणार कोण? धुम्मसानं माती ठोकून बसवणारी, माळवद राखणारी माणसं शहरात राहिली नाहीत, आणि आजींचं वय झालेलं. तिथे आता पत्रा आहे. उन्हाळ्यात कोठी तापते. जत-आटपाडीची जी एक रीत या घरानं सांगलीत सांभाळली होती, ती या कामात गेली, आणि तिच्यावर माझी सही आहे.

मोरीला उलट पाणी अडवणारी झडप बसवली आणि चौकात लहान खड्डा करून पंपाची सोय केली. विजेची बटणं जोत्यापासून पाच फुटांवर घेतली. पण यापेक्षा महत्त्वाचं एक घरात लिहून लावलं आहे : पाणी जोत्यापर्यंत असेल तोवर अडवा, पंप चालवा. जोत्यावर चढायला लागलं की झडप उघडा, दिंडी उघडा, माजघराची दारं उघडा आणि घर सोडा. वाळूची पोती लावून आत कोरडं राखायला गेलं तर बाहेरचं सगळं पाणी भिंतीवर रेटा देतं. आत-बाहेर सारखं पाणी असेल तर भिंतीला त्रास नाही. हे सांगताना मी थोडा बिचकत होतो, पुराला दार उघडा असं कुणाला सांगायचं? आजी म्हणाल्या, ‘अरे, ओटी भरायला दार उघडायलाच लागतं की.’

जुलै २०२१

काम मे महिन्यात संपलं. अडीच महिन्यांत पाणी आलं, आयर्विनला ५४ फुटांच्या वर.

अण्णांनी ठरल्याप्रमाणे दारं उघडली आणि सगळे बाहेर पडले. पाणी जोत्यावर साधारण अर्धा फूट चढलं, काही दिवस राहिलं आणि गेलं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. या वेळी आधी वर बघितलं, मग खांब, मग भिंती.

माजघराच्या खालच्या हातभर पट्ट्यातला चुन्याचा गिलावा चार-पाच ठिकाणी सुटून आला होता. चुना हवा खात खात महिनोन्‌महिने घट्ट होत जातो, त्याला तेवढा वेळ मिळाला नव्हता. मे महिन्यात खालचा पट्टा करायला नको होता, तो दिवाळीनंतर करायचा. ही माझी दुसरी चूक. तो पट्टा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा केला. भिंत मात्र ओळंब्यात होती, पोट नाही. सांधा दिलेल्या दोन खांबांची बुडं ओली होती. त्यांच्या भोवती जमीन मोकळी असल्यामुळे ती दोन महिन्यांत सुकली. दरवर्षी मार्चमध्ये मी तिथे पेचकस लावून बघतो.

दगड उंच केलेल्या चार खांबांवर पाण्याची रेघ नव्या काळ्या दगडाच्या मधोमध होती. वरचं लाकूड कोरडं होतं. आजींनी नातवाला छिन्नी आणायला सांगितली आणि एका दगडावर त्या रेघेच्या जागी खूण करवून घेतली. ५७ फुटांची खूण त्याच खांबावर, लाकडात, अडीच फूट वर आहे.

परसाकडची भिंत अजून उभी केलेली नाही. तिथे तात्पुरत्या तट्ट्या आहेत. त्या बाजूला चुलत घराचा हिस्सा येतो आणि त्यांची मोजणी व्हायची आहे. तीन खांब तिथे उघड्यावर आहेत, माळवद गेल्यानं त्यांच्यावरचं वजन कमी झालं आहे, पण पावसाची झड त्यांना थेट लागते. मागच्या पावसाळ्यापूर्वी त्यांना जवसाचं तेल दिलं. यंदाही द्यायचं आहे.